चोवीस तासांत विखुरलेली झोप: कारणे, निदान आणि उपचार यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: जाईजुई

माझी आई ७८ वर्षांची असून तिला अल्झायमर असल्याचे निदान पूर्वीच झालेले आहे. स्मृती हळूहळू क्षीण होत जाईल, याची कल्पना आम्हाला डॉक्टरांनी दिली होती आणि घरातील सर्वांनी तशी मनाची तयारीही केली होती. परंतु तिच्या झोपेला दिवस आणि रात्र असा काही भेदच उरणार नाही, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. गेल्या काही महिन्यांपासून ती रात्री नऊच्या सुमारास झोपते, दोन तासांत उठून घरभर फिरू लागते, मध्यरात्रीनंतर पुन्हा थोडी झोपते, पहाटे जागी असते आणि मग सकाळी खुर्चीत बसल्याबसल्या तिचा डोळा लागतो. दुपारी आणि कधी कधी संध्याकाळीही असेच घडते. या सगळ्या तुकड्यांची बेरीज केली तर तिची झोप कमी होते असे म्हणता येत नाही, कारण ती साधारण सात-आठ तास भरते. प्रश्न असा आहे की त्यातला सलग असा मोठा तुकडाच सापडत नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी सुरू केली होती. तिने आईच्या रात्रीच्या जागण्यात फारसा फरक पडला नाही, मात्र सकाळी तिचा तोल जाऊ लागला आणि गोंधळ वाढला, म्हणून त्यांच्याच सल्ल्याने ती बंद केली. मी आणि माझा भाऊ आळीपाळीने रात्री जागतो. दोघांचीही प्रकृती त्यामुळे बिघडू लागली आहे.

हा निद्रानाशच आहे की काही वेगळा विकार आहे? त्याचे निदान कोणत्या तपासणीने होते? मेलाटोनिन (झोपेच्या वेळेचा संकेत देणारे शरीरातील द्रव्य, जे गोळीच्या रूपातही मिळते) आणि प्रकाश-उपचार (ठरावीक वेळी प्रखर दिव्यासमोर बसवणे) यांविषयी बरेच ऐकले आहे. त्यांचा अशा वयात आणि अशा आजारात खरोखर उपयोग होतो का? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: पहाटवारा

मी निद्राविकारांच्या चिकित्सेचे काम करतो. आपल्या आईंना न तपासता निदान करणे योग्य होणार नाही, परंतु आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की विचार कोणत्या दिशेने करायचा, हे निश्चित सांगता येईल.

निद्रानाशात माणसाला झोप हवी असते, झोपण्याची वेळ आणि संधीही असते, तरीही झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आणि एकूण झोप बहुधा अपुरी पडते. आपल्या आईंची एकूण झोप वयाला साजेशी आहे. ती फक्त चोवीस तासांत विखुरलेली आहे. अशा स्थितीला अनियमित निद्रा-जागृती लयविकार म्हणतात. चोवीस तासांत झोपेचे किमान तीन तुकडे पडतात, त्यांतील सर्वांत लांब तुकडा बहुधा चार तासांपेक्षा कमी असतो आणि तो पुष्कळदा रात्री दोन ते सहा या वेळेत येतो. असा क्रम किमान तीन महिने चाललेला असावा आणि दुसऱ्या एखाद्या आजाराने किंवा औषधाने त्याचा अधिक चांगला उलगडा होत नसावा, अशी अट निदानाच्या निकषांत आहे.

कारण समजून घेतले की उपचारांचे तर्कशास्त्र आपोआप स्पष्ट होते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आपली झोप दोन यंत्रणांवर चालते, ही मांडणी निद्रासंशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही पायाभूत मानली जाते. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब: जितका वेळ आपण जागे राहतो, तितका तो वाढतो, आणि झोपलो की उतरतो. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ. हे घड्याळ हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० चेतापेशींच्या एका जोडगोळीत असते. या घड्याळाची स्वतःची फेरी बरोबर चोवीस तासांची नसते. माणसात ती सरासरी २४ तासांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे २४.२ तासांची आढळते. त्यामुळे त्याला रोज बाह्य जगाशी जुळवून घ्यावे लागते, आणि हे जुळवून घेणे मुख्यतः प्रकाशामुळे घडते. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही खास चेतापेशी असतात, ज्यांचे काम वस्तू दाखवणे हे नसून बाहेर उजेड किती आहे, ही खबर या घड्याळाला देणे हे असते. त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. निळसर प्रकाशाला, म्हणजे सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला, त्या सर्वाधिक संवेदनशील असतात.

आता अल्झायमरमध्ये काय होते ते पाहा. पहिली गोष्ट म्हणजे घड्याळातील पेशीच कमी होतात. मेंदूसंशोधक डिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले की वृद्धापकाळात, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींमध्ये विशेषत्वाने, या केंद्रातील पेशींची संख्या घटते. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळापर्यंत पोहोचणारा संकेत दुबळा होतो: वयाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, मोतीबिंदू असेल तर निळसर प्रकाश आणखी अडतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या हातात आहे. आजारी व्यक्ती घराबाहेर पडणे थांबवते, खुर्चीत किंवा अंथरुणात राहते, तिला ठरावीक कामे उरत नाहीत, माणसे भेटत नाहीत. घरातील साध्या दिव्यांचा प्रकाश बहुधा १०० ते ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) इतकाच असतो, तर ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर तो काही हजार लक्स असतो. म्हणजे मुळातच अशक्त झालेल्या घड्याळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे सांगणारे संकेतही आपण काढून घेतो. त्यात दिवसा घेतलेल्या डुलक्यांनी झोपेचा दाब सतत उतरत राहतो, त्यामुळे रात्री तो पुरेसा साठलेलाच नसतो.

म्हणूनच बिघाड रात्री दिसत असला तरी उपचार दिवसाचा करावा लागतो. झोपेची गोळी या विकारात का अपयशी ठरते, याचे उत्तरही इथेच आहे. ती घड्याळ दुरुस्त करत नाही, फक्त मेंदू मंदावते. आणि वृद्ध मेंदूत तो मंदपणा सकाळपर्यंत रेंगाळतो. पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि संभ्रम वाढणे हे धोके इतके ठोस आहेत की अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांच्या या विकारात झोप आणणाऱ्या औषधांविरुद्ध निःसंदिग्ध शिफारस केली आहे. आपल्या आईंची गोळी बंद झाली, हे फार चांगले झाले. औषधांच्या दुकानातून सर्दीसाठी किंवा झोपेसाठी म्हणून मिळणारी गुंगी आणणारी ॲलर्जीविरोधी औषधेही कृपया देऊ नका. त्यांतील अनेक औषधे स्मृतीसाठी आवश्यक असलेल्या ॲसिटाइलकोलीन या रसायनाचे कार्य अडवतात, म्हणजे अल्झायमरची औषधे जे साधू पाहतात त्याच्या नेमके विरुद्ध काम करतात.

निदानासाठी सर्वप्रथम झोपेची नोंदवही लागते. किमान सात दिवस, शक्य असेल तर चौदा दिवस, झोपेच्या आणि जागेपणाच्या वेळा काळजी घेणाऱ्याने लिहाव्यात. तिच्या जोडीला ॲक्टिग्राफी करतात: मनगटावर घड्याळासारखे एक लहान उपकरण बांधतात, ते हालचालींची सतत नोंद ठेवते आणि दिवसामागून दिवसांचा आलेख मांडून दाखवते. निरोगी व्यक्तीच्या आलेखात रात्रीचे शांत पट्टे एकाखाली एक रांगेत दिसतात. या विकारात ते पट्टे सापडत नाहीत. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. हे उपकरण हालचाल मोजते, झोप नव्हे, त्यामुळे तासन्‌तास स्तब्ध बसून राहणारी जागी व्यक्तीही त्याला झोपलेली वाटू शकते. म्हणून नोंदवहीचे महत्त्व यंत्रामुळे कमी होत नाही.

रात्रभर मेंदूलहरी, श्वास आणि प्राणवायूची पातळी मोजणारी निद्रा-प्रयोगशाळेतील चाचणी या विकाराच्या निदानासाठी आवश्यक नाही. मात्र आई मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास थांबून धडपडून जाग्या होत असतील किंवा झोपेत हातपाय झाडत असतील, तर ती करावी लागते. झोपेतील श्वासरोध वृद्धांमध्ये पुष्कळ आढळतो आणि झोपेचे तुकडे पाडण्यास तो एकटाही पुरेसा असतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती तातडीची आहे: हा बदल काही महिन्यांत हळूहळू न होता दोन-तीन दिवसांत अचानक झाला असता, तर मी लयविकाराचा विचार न करता आधी संभ्रमावस्थेचा, म्हणजे शारीरिक आजाराने किंवा औषधाने मेंदूत अचानक होणाऱ्या गोंधळाचा, विचार केला असता. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, तुंबलेली लघवी, नवीन औषध यांपैकी काहीही त्याचे कारण असू शकते. पुढे कधी असा अचानक बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

उत्तर: दीपमाळ

ताई, मी वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. वरच्या उत्तरातील ‘उपचार दिवसाचा’ हे म्हणणे मला अनुभवाने पटते, म्हणून ते प्रत्यक्षात कसे करायचे, एवढ्यापुरते लिहिते.

सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असली तरी. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत झोपू देण्याचा मोह फार होतो आणि त्यामागे मायाच असते, पण त्या सकाळच्या झोपेची किंमत पुढच्या रात्री मोजावी लागते. उठल्यावर शक्य तितक्या लवकर त्यांना उजेडात न्या. अंगण, गच्ची, बाल्कनी, काहीच नसेल तर सर्वांत मोठ्या खिडकीला लागून खुर्ची ठेवा आणि पडदे पूर्ण उघडा. खोलीच्या मध्यभागी बसणे आणि खिडकीशी बसणे यांत डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात कितीतरी पटींचा फरक पडतो; आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण डोळे दोन्हींना सरावतात.

दिवसभरात हातांना काम द्या. कपड्यांच्या घड्या घालणे, धान्य निवडणे, बटणे वेगळी करणे, असे काहीही चालते. काम चोख व्हावे अशी अपेक्षा नसावी. जेवणाच्या वेळा, आंघोळीची वेळ, फिरण्याची वेळ ठरलेली ठेवा. दुपारी डुलकी हवीच असेल तर ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची असावी, आणि शक्यतो अंथरुणात न घेता आरामखुर्चीत घ्यावी. संध्याकाळची डुलकी मात्र निश्चयाने टाळा. त्या वेळी या रुग्णांची बेचैनी वाढते हे खरे आहे आणि त्यांना डोळे मिटू दिले की घर शांत होते, परंतु नेमक्या त्याच वेळी हलके चालणे, ओळखीची गाणी ऐकणे किंवा कोणाशी तरी बोलत बसणे यांचा उपयोग होतो.

रात्री खोली काळोखी आणि शांत ठेवा, पण पूर्ण अंधारात त्यांना भीती वाटत असेल तर जमिनीलगत मंद, पिवळसर-तांबूस दिवा लावा. त्या उठल्या म्हणून मोठा पांढरा दिवा लावू नका. त्यांना शौचालयापर्यंत सावकाश न्या, फार बोलू नका, ‘अजून रात्र आहे’ एवढे सांगून परत आणा. वाद घालून काही साधत नाही. त्यांना खरोखरच सकाळ झाल्यासारखी वाटत असते. निवासी केंद्रांत रात्रीची झोप मोडण्याचे एक मोठे कारण आम्ही परिचारिकाच असतो: ठरावीक वेळी कपडे बदलणे, कूस वळवणे, बोलण्याचे आवाज, दारांचे आवाज. घरीही हे पाहावे. गाढ झोपलेल्या व्यक्तीला केवळ वेळ झाली म्हणून उठवण्याची गरज आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा. अंगावर जखमा होण्याचा धोका असेल तर अर्थातच गोष्ट वेगळी.

दुखणे तपासा. ज्यांना शब्दांत सांगता येत नाही, त्यांचे गुडघे, दात, बद्धकोष्ठ, कोरडी खाजरी त्वचा हे सगळे रात्री बोलू लागते. संध्याकाळी त्या सारखे पाय चोळत असतील किंवा बसवत नाही म्हणून येरझाऱ्या घालत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. तो अस्वस्थ पायांचा विकार असू शकतो आणि त्यासाठी रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासावा लागतो.

आणि आपण व आपले भाऊ यांच्याविषयी. दोघांनी रोज अर्धी-अर्धी रात्र जागण्यापेक्षा एकाने पूर्ण रात्र आणि दुसऱ्याने पुढची पूर्ण रात्र अशी वाटणी केली, तर प्रत्येकाला निदान एक रात्र अखंड झोप मिळते. दार उघडल्याचे किंवा पलंगावरून उठल्याचे कळवणारी साधी गजर-यंत्रे मिळतात. ती लावली की जागे राहून पहारा देण्याची गरज कमी होते. बाहेरच्या दाराला, स्वयंपाकघरातील गॅसला आणि जिन्याला अडसर हवाच. काळजी घेणारा खचला तर रुग्णाची दिनचर्या एका आठवड्यात विस्कटते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

उत्तर: सावली

माझा अनुभव मेलाटोनिनबद्दलचा आहे, पण तो वृद्ध व्यक्तीचा नाही. माझ्या मुलाला जन्मतः मेंदूच्या विकासाचा विकार आहे आणि त्याची झोपही लहानपणापासून अशीच तुकड्यातुकड्यांची होती. बालमेंदूविकारतज्ज्ञांनी आधी झोपण्याचा ठरावीक क्रम बसवून घेतला आणि त्यानंतर संध्याकाळी मेलाटोनिन सुरू केले. त्याला लवकर झोप लागू लागली आणि रात्रीचा सलग तुकडा हळूहळू लांबला. दिवसा तो अधिक प्रसन्न असतो, शिकवलेले त्याच्या अधिक लक्षात राहते. आमच्या घरासाठी हा बदल फार मोठा होता.

त्यामुळे मला असे वाटते की जाईजुई यांनी मेलाटोनिनचा विचार अवश्य करावा. ते शरीरातच तयार होणारे द्रव्य आहे, त्याची सवय लागत नाही, आणि झोपेच्या गोळीसारखा त्याचा धोका नाही. मग वृद्धांना ते का देऊ नये?

उत्तर: पहाटवारा

सावली, आपल्या मुलाला गुण आला याचा आनंद वाटतो, आणि तो आपल्या एकट्याचा अनुभव नाही. मेंदूच्या विकासाचे विकार असलेल्या मुलांमध्ये मेलाटोनिनचा लाभ होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. मी उल्लेखिलेल्या २०१५ च्या सूचनांतही त्या मुलांसाठी ते सुचवलेले आहे, आणि युरोपीय संघात स्वमग्नता असलेल्या तसेच स्मिथ-मॅगेनिस या जनुकीय विकाराच्या मुलांसाठी सावकाश विरघळणाऱ्या मेलाटोनिनला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. स्मिथ-मॅगेनिसचे उदाहरण बोलके आहे: त्या मुलांमध्ये मेलाटोनिन रात्रीऐवजी दिवसा स्रवते, म्हणजे लय विस्कटलेली नसून उलटलेली असते. मूळ बिघाड कोणता आहे, यावर औषध लागू पडेल की नाही हे अवलंबून असते.

स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांच्या बाबतीत त्याच सूचना मेलाटोनिन देऊ नये असे सुचवतात. ही शिफारस झोपेच्या गोळ्यांविरुद्धच्या शिफारशीइतकी कडक नाही, पण तिचा रोख स्पष्ट आहे. चाचण्यांत झोपेचा लाभ सातत्याने दिसला नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीतून पुढे आले, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील १२ निवासी केंद्रांतील १८९ वृद्धांचा त्यात समावेश होता. काही केंद्रांच्या सामायिक दालनांत दिवसभर सुमारे १,००० लक्सचा प्रखर प्रकाश ठेवला होता, आणि काही व्यक्तींना संध्याकाळी २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले होते. प्रकाशाने बौद्धिक ऱ्हासाचा वेग आणि नैराश्याची लक्षणे थोडी कमी झाली. मेलाटोनिनने झोप लवकर लागली आणि थोडी वाढली, परंतु ते एकटे दिलेल्या व्यक्तींची मनःस्थिती खालावली आणि त्या अधिक अलिप्त राहू लागल्या. प्रकाशाच्या जोडीने दिले तेव्हा हा दुष्परिणाम दिसला नाही. म्हणून शरीरातले द्रव्य म्हणजे निरुपद्रवी, असा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात अलिप्तता वाढणे ही लहान हानी नव्हे.

शिवाय, जिथे मेलाटोनिन औषध म्हणून नव्हे तर पूरक आहार म्हणून विकले जाते, तिथे गोळीत नेमके किती आहे याचा भरवसा नसतो. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादने तपासली असता, वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के अधिक इतकी तफावत आढळली होती, आणि काहींत सेरोटोनिन हे वेगळेच, मेंदूवर परिणाम करणारे रसायनही सापडले होते. आपल्या मुलासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले, दर्जाची खात्री असलेले औषधच वापरत राहावे.

याचा अर्थ आपल्या आईंना मेलाटोनिन कधीच देऊ नये असा मी काढत नाही. दिवसाची घडी बसवून आणि पुरेसा प्रकाश देऊनही काही उपयोग झाला नाही, तर तज्ज्ञ डॉक्टर अल्प मात्रेत, मर्यादित काळासाठी ते देऊन पाहू शकतात आणि मनःस्थितीवर लक्ष ठेवून पुढचा निर्णय घेऊ शकतात. सुरुवात तिथून करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर: पारिजात

या चर्चेशी संबंधित एक प्रश्न विचारतो. मी तिशीत आहे, घरून काम करतो, कामाच्या वेळा ठरलेल्या नाहीत. माझीही झोप कधी पहाटे, कधी दुपारी, कधी संध्याकाळी अशी होते. मलाही हाच विकार असेल का?

उत्तर: पहाटवारा

शक्यता कमी आहे. मेंदूचा किंवा गंभीर मनोविकाराचा आजार नसलेल्या तरुण व्यक्तीत हा विकार क्वचितच आढळतो. आपल्या बाबतीत घड्याळ सशक्त असून त्याला पाळायला वेळापत्रकच दिलेले नाही, असे अधिक संभवते. दोन आठवडे उठण्याची वेळ काटेकोरपणे एकच ठेवून पाहा आणि नोंदवही लिहा. तसे केल्यावर झोप रोज पहाटे तीन-चारलाच लागते असे दिसले तर तो विलंबित लयीचा विकार असू शकतो. झोपेची वेळ दररोज थोडी थोडी पुढे सरकत चोवीस तास ओलांडून जाते असे दिसले तर तो चोवीस तासांशी न जुळणाऱ्या लयीचा विकार असू शकतो, जो पूर्ण अंध व्यक्तींमध्ये विशेष आढळतो. या दोहोंचे उपचार वेगळे आहेत. नोंदवही घेऊन निद्राविकारतज्ज्ञांना भेटा, आणि उदासीनता किंवा अतिउत्साहाचे काळ येत असतील तर तेही त्यांना सांगा.

जाईजुई

सर्वांचे मनापासून आभार. आजपासून नोंदवही सुरू केली आहे आणि दीपमाळताईंनी सांगितल्याप्रमाणे रात्रींची वाटणीही बदलली आहे. दोन शंका राहिल्या आहेत. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया अजून केलेली नाही. अशा डोळ्यांना प्रकाश-उपचाराचा दिवा चालेल का, आणि तो किती वेळ लावायचा? दुसरे म्हणजे, ती अल्झायमरसाठी डोनेपेझिल रात्री झोपताना घेते आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेते. यांचा झोपेशी संबंध असेल का?

उत्तर: पहाटवारा

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण कदाचित सर्वांत सोपी सुधारणा तिथेच आहे. डोनेपेझिलमुळे काही रुग्णांना झोप न लागणे आणि अतिशय स्पष्ट, भीतिदायक स्वप्ने पडणे असा त्रास होतो. अशा वेळी डॉक्टर ते बहुधा सकाळी देतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतल्यास रात्री दोन-तीन वेळा उठावे लागणे स्वाभाविक आहे, आणि निरोगी व्यक्ती परत येऊन झोपते तिथे स्मृतिभ्रंशाची व्यक्ती त्या एका उठण्याने पूर्ण जागी होते. दोन्ही औषधांच्या वेळा बदलता येतील का, हे ती औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदल करू नका. सोबत सर्व औषधांची यादी न्या. रक्तदाबाच्या बीटा-रोधक औषधांनी शरीरातील मेलाटोनिन घटते, आणि स्टेरॉइड उशिरा घेतल्यास झोप उडते. म्हणून अशी काही औषधे यादीत आहेत का, हे तपासण्याची विनंती त्यांना करा. रात्रीच्या बेचैनीसाठी कोणी मनोविकारांवरील शामक औषध सुचवले, तर त्याच्या धोक्यांविषयी सविस्तर विचारल्याशिवाय होकार देऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलेला आहे.

आता प्रकाश. अभ्यासांत बहुधा २,५०० ते ५,००० लक्सचा प्रकाश रोज सकाळी एक ते दोन तास, असा कित्येक आठवडे दिला गेला आहे. सूचनांतही या वृद्धांसाठी प्रकाश-उपचार सुचवलेला आहे, मात्र पुरावा मध्यम प्रतीचाही नाही, हे मी लपवणार नाही. हानी कमी आणि लाभाची शक्यता बरी, या हिशेबाने तो सुचवला जातो. दिव्याकडे टक लावून पाहायचे नसते. तो समोर थोडा बाजूला ठेवून त्या अवधीत न्याहारी, गप्पा किंवा हातांचे काम चालू ठेवायचे असते. अंतर वाढले की लक्स झपाट्याने घटतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेले अंतर पाळावे, आणि दिवा अतिनील किरण गाळणारा असावा. आई दिव्यासमोर बसायला तयार नसतील, तर जबरदस्ती करून रोजचा संघर्ष ओढवून घेऊ नका. सकाळी बाहेर काढलेला तास त्याहून कमी प्रतीचा नाही, उलट त्यात चालणेही होते.

मोतीबिंदू असल्यामुळे दिवा वापरता येणार नाही असे नाही, परंतु घड्याळाला हवा असलेला निळसर प्रकाशच त्याने अडतो, त्यामुळे परिणाम कमी मिळू शकतो. आधी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटल तपासून घ्या. तिथे विकार असेल, किंवा त्वचा व डोळे प्रकाशाला हळवे करणारे एखादे औषध चालू असेल, तर प्रखर दिवा त्यांच्या संमतीशिवाय लावू नये. त्याच भेटीत शस्त्रक्रियेचाही विषय काढा. मोतीबिंदू काढल्यानंतर झोप सुधारल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, आणि नीट दिसू लागल्याने पडण्याचा धोका व संध्याकाळचा गोंधळ कमी होण्याची शक्यता असते. भुलीचा आणि शस्त्रक्रियेनंतरच्या संभ्रमाचा प्रश्न त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा केवळ डोळा बधिर करून होते, त्यामुळे स्मृतिभ्रंश आहे एवढ्याच कारणाने ती नाकारण्याची गरज नसते.

नोंदवही दोन आठवड्यांची पूर्ण झाली की ती घेऊन तज्ज्ञांकडे जा, आणि वेळा बदलल्यानंतर किंवा प्रकाश सुरू केल्यानंतर किमान चार आठवडे तीच पद्धत चालू ठेवून मगच परिणाम जोखा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला हे कळेल. अपेक्षा मात्र माफक ठेवा: रात्री आठ तासांची अखंड झोप बहुधा परत येणार नाही, परंतु सर्वांत लांब तुकडा तीन तासांवरून पाच तासांवर गेला आणि संध्याकाळची डुलकी सुटली, तर तेवढ्यानेही आईंचा दिवस आणि आपणा दोघांची रात्र बरीच सुसह्य होईल.

जाईजुई

समजले. उद्याच दोन्ही औषधांच्या वेळांविषयी डॉक्टरांना विचारते आणि नेत्रतज्ज्ञांची वेळ घेते. नोंदवही पूर्ण झाल्यावर तज्ज्ञ काय सांगतात, ते याच धाग्यावर लिहीन.

दीपमाळ

ताई, नोंदवहीत झोपेच्या वेळांसोबत त्या कोणत्या वेळी उजेडात होत्या, कधी चालल्या आणि शौचाला कधी गेल्या, हेही लिहा. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते.